जगदेवीची पेटी आणि नागम्माचा ताणा

सोलापूरच्या साखर पेठेत राहून साखरेला हात न लावणारी बाई त्या बोळात एकच होऊन गेली. तिचं नाव जगदेवी. नवरा गुळाचा अडत्या होता. तो गेल्यावर तिच्या वाट्याला दोन खोल्या, वरचं माळवद, परसात उपडे घातलेले गुळाचे रिकामे रांजण आणि एक जीभ एवढं आलं. जीभ माहेरची, दुधनीची. दुधनीकडची माणसं मराठीत भांडायला सुरुवात करतात आणि राग चढला की कानडीत शिरतात. जगदेवीचं उलटं होतं. ती आधी कानडीत पुटपुटायची आणि मग बोळातल्या झाडून सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत शिव्या द्यायची.

साखर तिला विटाळासारखी. कारखान्यात साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, असं तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. नवऱ्याचं तिनं आयुष्यात ऐकलेलं ते एवढंच, असं लोक म्हणत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि तिच्या कट्ट्यावर बसून कुणी साखरेचा चहा प्याला तर तो उठायच्या आत तिथं तांब्याभर पाणी पडायचं. चहावाला भिजला तर तिचा इलाज नव्हता.

समोर नागम्मा. पद्मशाल्याची, म्हणजे तेलुगू विणकरांतली, चार हातमागांची मालकीण. चारही माग खडखडत असताना ती साधं बोलली तरी कोपऱ्यावर ऐकू जाई. रोज उजाडलं की तिच्या घरची माणसं बोळात ताणा पसरायची. उभ्या सुताचा लांबच लांब पट्टा दोन्ही टोकांना खुंट्यांना ताणून बांधायचा आणि कुंच्यानं त्याला खळ पाजायची. सूत खळ पिऊन कडक झालं की मागावर चढायचं. साऱ्या पेठेत सकाळी हेच चाले, त्यात वावगं काही नव्हतं. वावगं एवढंच की नागम्माचा एक खुंटा जगदेवीच्या उंबऱ्यापासून हातभरावर रोवलेला होता. अंघोळ करून, पूजेचं ताट घेऊन जगदेवी सिद्धेश्वराला निघाली की तिला ताण्याखालून वाकून जावं लागे, आणि कुंच्याचा एखादा शिंतोडा तिच्या पदरावर पडे. तो चुकून पडतो असं नागम्मा म्हणे. बारा वर्षं तो रोज चुकून पडत होता.

"खुंटा काढ तो, नागम्मा. तुज्या बापाचा रस्ता हाय का?"

"माज्या बापाचा न्हाय, अक्का. तुज्या बी बापाचा न्हाय की. वाक जरा. देवाम्होरं वाकतीस, हितं वाकलं तर कंबर मोडती व्हय?"

हे बारा वर्षं चाललं. पुढंही चाललं असतं. पण सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून चार-पाच वर्षं झाली असतील, माघ महिन्यात सकाळी दहाच्या सुमाराला आभाळातून घरघर आली. हजारो मधमाश्यांचा काळा ढग बोळात उतरला. नागम्माची माणसं कुंचे टाकून घरात पळाली. दारं धडाधड लागली. ताणा अर्धा खळ पिऊन तसाच उन्हात वाळला आणि दुपारपर्यंत सुताचं पार वाटोळं झालं. जगदेवी मात्र दारात उभी राहिली. माश्या तिच्या डोक्यावरून परसात गेल्या, एका फुटक्या रांजणाभोवती घोंघावल्या आणि कडेच्या भोकातून एकामागून एक आत शिरल्या. रांजण दहा वर्षं रिकामा होता, पण काकवीचा वास त्याच्या मातीत मुरलेला.

जगदेवीनं बाहेर येऊन पाहिलं. बोळ मोकळा. ताणा हातानं वर उचलून ती ताठ मानेनं, न वाकता, पलीकडच्या खुंट्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. काम काही नव्हतं. नुसती चालून आली. तिथंच तिनं ठरवलं, या माश्या जाऊ द्यायच्या नाहीत.

तर माश्या पाळण्याचा श्रीगणेशा असा वैरातून झाला. मधाचं नाव मागाहून निघालं.

आता माशी पाळतात कशी, हे सोलापुरात विचारायचं कुणाला? तिचा भाऊ दुधनीचा. त्याच्या ओळखीचा एक मास्तर कारवारकडं होता, तिकडं लाकडी पेटीत माश्या ठेवायची नवी टूम निघालेली. त्यानं कानडीतलं एक चोपडं धाडलं. जगदेवी कानडी वाचायची. बोट ठेवून, मोठ्यानं, दारात बसून वाचायची, म्हणजे नागम्माला ऐकू जावं.

चोपडं घेऊन ती नबीसाबकडं गेली. नबीसाब मागाचा सुतार. बोळातला प्रत्येक माग त्याच्या हातून दुरुस्त झालेला आणि प्रत्येक घरातली भानगड त्याच्या कानावरून गेलेली. चष्मा कपाळावर ढकलून त्यानं चित्र पाहिलं. पेटी, पेटीत टांगलेल्या चौकटी, दोन चौकटींत माशी जाईल एवढीच फट.

"क्या अक्का, माश्यांना माग पायजे की काय?"

"माग न्हवं, घर. मापात कर. फट कमी झाली तर माशी मेणानं चिकटवती, जास्त झाली तर मधेच पोळं बांधती. हितं लिवलंय."

"मेरेकू माप नको शिकवू. नागम्माका फणी मैंच बनाया. उसमें सूत जाता, इसमें माशी जायेगी."

पेटी झकास झाली. आता रांजणातलं बिऱ्हाड पेटीत हलवायचं होतं. चोपड्यात लिहिलं होतं, धूर द्या, पोळी सुरीनं हलक्या हातानं कापा, चौकटीत दोऱ्यानं बांधा, आणि राणी गेली की बाकीच्या आपसूक जातात. जगदेवीनं गोवरीचा धूर केला, तोंडावर नवऱ्याचं जुनं धोतर गुंडाळलं आणि रांजण फोडला. पहिल्या झटक्याला सात डंख बसले. हलका हात हा अवयव तिला जन्मतःच नव्हता. तोंडानं "शिवा, शिवा" चाललेलं आणि मधेच माश्यांच्या आईबापांचा उद्धार. पोळी बांधायला दोरा पुरेना, तेव्हा ती तशीच सुजल्या तोंडानं बाहेर आली आणि नागम्माच्या कट्ट्याखाली मागावरच्या तुटक्या दशा पडल्या होत्या, त्या गोळा करू लागली.

"चोर! चोर!" नागम्मा आतून धावली. "दिवसाढवळ्या माजं सूत उचलती! आणि हे काय गं ध्यान? माकडाचं तोंड कुटनं आणलंस?"

"तुज्याच घरचं हाय, वळकलं न्हाईस?" जगदेवी म्हणाली आणि दशा घेऊन गेली.

दिवेलागणीच्या आत राणी चौकटीवर चढली आणि सगळं बिऱ्हाड तिच्यामागं पेटीत गेलं. जगदेवी आठ दिवस कण्हत होती, पण कण्हत कण्हत रोज माळवदावर चढून पेटीचं दार बघत होती. पिवळी भुकटी पायांना फासून माश्या आत येत. करडीच्या शेतातून येत, शेवग्यावरून येत. तिच्या दारी नवरा गेल्यावर आपणहून राहायला आलेलं दुसरं कुणीच नव्हतं. हे ती कुणाला बोलली नाही. पण सकाळी चोरून पेटीला "उठलाव का गं पोरीनू" म्हणायची, ते शेजारच्या माळवदावर धुणं वाळत घालणाऱ्या बायकांनी ऐकलं, आणि दुपारपर्यंत ते चाटी गल्लीत पोचलं.

पेटीचं तोंड पूर्वेला ठेवावं, असं चोपड्यात होतं. पूर्वेला नागम्माचा ताणा होता. सूर्य पश्चिमेला उगवत असता तर जगदेवीनं तो पूर्वेला आणला असता, असं बोळात बोलत.

चैत्रात लिंब फुलला. माश्या खुशीत, जगदेवी खुशीत. थोडा मध निघाला, तो तिनं सिद्धेश्वराला वाहिला आणि बोळात घरटी चमचाभर वाटला. एक घर सोडून. कोणतं, ते सांगायला नको.

मग श्रावण आला. झड लागली, फुलं गेली, माश्या उपाशी बसल्या. चोपड्यात होतं, अशा दिवसांत पांढऱ्या साखरेचा पाक द्यावा, गूळ देऊ नये. जगदेवीनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि पान उलटलं. हे लिहिणारे साखरवाल्यांचे दलाल असणार, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. गुळाच्या अडत्याच्या घरी, गुळाच्या रांजणात उतरलेल्या माश्या, आणि त्यांना हाडांची साखर? तिनं चांगला पिवळाधमक गूळ विरघळवला आणि वाटी पेटीत ठेवली. माश्या प्याल्या. जगदेवी धन्य झाली.

चार दिवसांनी उघडीप झाली. नागम्माच्या घरी पांढरा ताणा पसरला. लग्नसराईच्या साड्यांचं सूत होतं. खळ पाजून होत आली आणि माश्या पेटीतून बाहेर पडल्या. कोंडून बसलेल्या, पोट बिघडलेल्या माश्या. त्या ताण्यावरून गेल्या आणि मागं पांढऱ्या सुतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी-पिवळे ठिपके उमटले.

नागम्मानं एक ठिपका बोटावर घेतला, वास घेतला आणि अशी किंकाळी फोडली की चार घरांपलीकडचा माग थांबला.

"हागल्या! माज्या ताण्यावर हागल्या गं तुज्या माश्या!"

"माशी फुलावर जगती. ती घाण करती व्हय? तुज्या खळीलाच बुरशी आली आसंल."

"माज्या खळीला नाव ठिवतीस? रांडेच्या माश्यांना रॉकेलनं जाळती बघ आता!"

"लाव हात. हात शिल्लक ऱ्हातो का ते बघू."

दुसऱ्या ताण्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. बोळातल्या बाकीच्या बायकांच्या धुण्यावरही ठिपके दिसू लागले, आणि चमचाभर मध खाल्लेली तोंडं फिरली. जगदेवीच्या बाजूनं एक माणूस उरलं नाही. तिकडं पेटीतही काही ठीक नव्हतं. रोज सकाळी दारात मेलेल्या माश्यांचा सडा पडायचा. जगदेवी तो पदरात भरून परसात पुरायची आणि संध्याकाळी आणखी थोडा गूळ घालायची.

नागम्मा मागाचा धोटा दुरुस्त करायला नबीसाबकडं गेली, तेव्हा ते चोपडं तिथंच पडलं होतं. मापं पुन्हा बघायला त्यानं परवाच जगदेवीकडून आणलेलं. नागम्मा तेलुगू वाचायची. कानडी अक्षरं म्हणजे तेलुगू अक्षरांची मावसभावंडं. तिनं चोपडं उचललं. शब्द परके, पण दोन शब्द तिला बरोबर भेटले. 'बेल्ल' म्हणजे गूळ, हा तिच्याही भाषेत बेल्लमच. आणि पुढं 'भेदी'. म्हणजे हगवण, हीही दोन्ही भाषांत एकच.

धोटा तिथंच टाकून ती निघाली. बोळाच्या तोंडाशी ईश्वरप्पाचं तेलाचं दुकान. ईश्वरप्पा हा बोळातला वडीलधारा माणूस. त्याचा शब्द दोन्हीकडचे मानत, कारण तो फार कमी शब्द बोले. तोंडात कायम तंबाखू असल्यामुळं त्याला बोलता येत नसे, एवढंच. नागम्मानं त्याला उठवून जगदेवीच्या दारात आणलं, मागं निम्मा बोळ आला.

"अण्णा, वाचा हे. गूळ देऊ नका, माशीला हगवण लागती, आसं हिच्याच पुस्तकात लिवलंय. हिनं मुद्दाम दिला. माज्या ताण्यासाठीच दिला."

ईश्वरप्पा लिंगायत, कानडी त्याची घरचीच. त्यानं वाचलं, पिंक टाकली.

"जगदेवक्का, ही ओळ तू वाचली हुतीस?"

जगदेवी खोटं बोलत नसे. भांडणात खोटं बोलायची गरज तिला कधी पडली नव्हती.

"वाचली हुती."

"मग?"

"मग काय? माज्या उंबऱ्याच्या आत साखर यायची न्हाय."

बोळ हसला. नागम्मा सगळ्यांत मोठ्यानं. "गूळवालीच्या माश्या गुळानं मेल्या! सांगा सिद्धेश्वराला!"

ईश्वरप्पानं हात वर केला. "आट दिस. आट दिसांनी नागम्मा पांडरा ताणा घालंल. डाग पडला, तर पेटी हितनं जाणार. न्हाय पडला, तर नागम्मा गप बसंल."

"गप न्हाय," जगदेवी म्हणाली. "डाग न्हाय पडला तर खुंटा हालंल. माज्या दारातनं."

"हालीवती की," नागम्मा म्हणाली. "आणि पडला तर रॉकेल मी माज्या हातानं वतणार."

त्या दिवशी जगदेवी जेवली नाही. संध्याकाळी माळवदावर गेली. पेटीचं झाकण काढलं. आतल्या माश्या चौकटीवर ओल्या, मलूल, पोटं फुगलेली. पूर्वी धोतर गुंडाळूनही जवळ जाता येत नसे, आज उघड्या हातावर एकही माशी चढली नाही. तिनं गुळाची वाटी उचलली आणि परसात फेकली.

सकाळी ती बाहेर पडली. ताण्याखालून वाकून गेली. मंगळवारच्या बाजारात एका वाण्याकडून तिनं पावशेर साखर घेतली. कुणी दुसरी असती तर पदराखाली दडवून आणली असती. जगदेवीनं ती पूजेच्या ताटात उघडी ओतली आणि ताट दोन्ही हातांनी पुढं धरून बोळात शिरली. कट्ट्याकट्ट्यांवर माणसं बसलेली. कुणीतरी आधीच बातमी आणली होती.

नागम्मा तर खास नवं लुगडं नेसून बसली होती.

"अय्यो, जगदेवक्का! देवाला साखर चालती व्हय आता? का माश्यांना देव केलंस?"

"माश्यांना औशीद हाय ते. तुला बी देऊ का? तुज्या तोंडातनं बारा वर्षं भायेर पडतंय ते थांबंल."

ताण्याखालून वाकताना ताट कललं नाही, पण तिचा चेहरा पार विभूतीच्या रंगाचा झाला होता. ईश्वरप्पानं म्हणे त्या वेळी तंबाखू थुंकली आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

तिनं साखरेसाठी वेगळं पातेलं केलं, वेगळी चूल मांडली, माळवदावर. पाक केला, निववला, पेटीत ठेवला. चार दिवसांत पेटीच्या दारातला सडा कमी झाला. सहाव्या दिवशी एक माशी तिच्या मनगटाला डसली आणि जगदेवी आनंदानं ओरडली. शेजाऱ्यांना वाटलं, बाई गेली.

आठव्या दिवशी ऊन कडकडीत पडलं. नागम्मानं पांढराशुभ्र ताणा घातला. ईश्वरप्पा खुर्ची टाकून बसला, नबीसाब त्याच्या मागं उभा. माश्या निघाल्या. गेल्या, आल्या. तास झाला, दोन तास झाले. ताणा कोरा. जगदेवी दारात बसून होती, डोळे ताण्यावर. मग ईश्वरप्पाला जेवायला बोलावणं आलं, गर्दी पांगली, जगदेवीही पेटी बघायला वर गेली.

खाली आली तोवर नागम्माचा आवाज बोळभर घुमत होता.

"पडले! अण्णा, या! पडले की नाय डाग?"

जगदेवीच्या दारातल्या खुंट्याजवळ, ताण्याच्या कडेला, सात-आठ पिवळे ठिपके. ईश्वरप्पा खरकट्या हातानं आला. त्यानं पाहिलं आणि मान हलवली. नागम्माच्या घरातून रॉकेलची बाटली बाहेर आली. ती आधीच भरून ठेवली होती, हे पुढं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

जगदेवी ताण्यापाशी गेली. वाकली. या वेळी मात्र कुणी वाकवलं नव्हतं. सहा महिने ती त्या माश्यांचं सगळं बघत आली होती, खाणंपिणं आणि त्यानंतरचंही. उडता उडता पडलेला माशीचा ठिपका लांबट असतो, त्याला शेपूट असते, नखानं खरवडला तर कण निघतात. हे ठिपके गोल होते. सगळे सारखे. बोटाच्या शेंड्याएवढे.

"अण्णा," ती म्हणाली, "चुन्याची डबी द्या."

"चुना?"

"द्या तर."

ईश्वरप्पानं कमरेची डबी काढून दिली. जगदेवीनं नखभर ओला चुना घेतला आणि एका ठिपक्यावर चोळला. पिवळा ठिपका लालभडक झाला. कुंकवासारखा.

बोळातल्या एकाही बाईला पुढचं सांगावं लागलं नाही. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं, हे प्रत्येकीला लहानपणापासून माहीत. पण ईश्वरप्पा पुरुष, त्याला खात्री हवी होती.

"माशीचा डाग बी लाल हुत आसंल की."

जगदेवी माळवदावर गेली, पेटीचं झाकण घेऊन आली. त्यावर श्रावणातले खरे डाग वाळलेले होते. तिनं त्यांवर चुना चोळला. पिवळे ते पिवळेच राहिले, वर नुसता पांढरा लेप.

नबीसाब म्हणाला, "नागम्मा, बोटां दिखा."

नागम्मानं हात पाठीमागं घेतले. मग एकदम पुढं काढले. उजव्या हाताची तर्जनी पिवळी होती.

"सैपाक करत हुते! हळद लागती की बाईच्या हाताला!"

"सैपाक ताण्यावर केलास व्हय?" जगदेवी म्हणाली.

बोळ पुन्हा हसला. हे लोक कुणाच्या बाजूनं हसतात ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. ईश्वरप्पानं डबी परत कमरेला खोचली आणि नबीसाबला म्हणाला, "खुंटा उपट."

"मैं? मेरेकू नागम्माके घरका काम मिलता, अण्णा."

शेवटी खुंटा जगदेवीनंच उपटला. हलवून हलवून, दात-ओठ खात, अर्धा तास लागला. कुणी मदतीला गेलं नाही, आणि गेलं असतं तरी तिनं हाकलून दिलं असतं. तो तिनं नागम्माच्या कट्ट्यावर नेऊन टाकला.

"घे. बारा वर्षांचा हाय. चूल तरी पेटंल."

नागम्मानं खुंटा सहा हात पलीकडं रोवला. हळदीच्या ठिपक्यांचा तो ताणा विणावाच लागला. त्यातली डागांची साडी कुणी घेईना, तेव्हा नागम्मा स्वतःच ती नेसली, आणि डाग धुऊन गेल्यावरही जगदेवी रोज त्या साडीवर डाग शोधायची. दोघी एकमेकींशी कधी नीट बोलल्या नाहीत. पेटीच्या दोन पेट्या झाल्या, दोनाच्या पाच. मध दरवर्षी बोळात वाटला जाई. एक घर सोडून.

साखर आता उघडपणे यायची. "माश्यांसाठी हाय, माणसांसाठी न्हाय," असं जगदेवी दुकानात चारदा बजावायची. पण पुढल्या पावसाळ्यात नागम्माला एक गोष्ट दिसली. साखर माळवदावर जाते म्हणावं, तर मुंग्यांची रांग माळवदाच्या जिन्याकडं वळतच नव्हती. उंबऱ्यावरून सरळ आत, चुलीकडं चालली होती.

तिनं कट्ट्यावर उभं राहून आवाज दिला, चार माग चालू असताना.

"अगं ए जगदेवक्का! तुज्या माश्या चा पितात व्हय गं?"

आतून कप आपटल्याचा आवाज आला. मग कानडीत काहीतरी पुटपुटणं. मराठीत मात्र त्या दिवशी एक अक्षर आलं नाही.